डाव्या पंखाची पिन

२ मे १९९३, रविवार

आजपासून रोजनिशी नियमित. मोठ्या कामाची नोंद राहिली पाहिजे.

काल विमान उतरवताना जमीन नेहमीपेक्षा जरा लवकर आली. माझी चूक नव्हे. इंग्लंडात, निदान आमच्या नॉरफकमध्ये, वारा असा ऐन वेळी पडतो. बर्नार्ड शेजारी होता. तो चष्मा शोधत राहिला. चष्मा सीटच्या मागे सापडला.

बर्नार्ड गेझ माझा भागीदार. बीटची शेती करतो. धावपट्टी म्हणजे त्याच्याच शेताच्या कडेचं गवत. विमान दोघांचं मिळून : १९४६ सालचं, दोन सीटचं, कापडी पंखांचं. या वयात ते आम्हाला उडवतं की आम्ही त्याला, हे सांगणं कठीण.

आज वाकून पाहिलं. प्रत्येक पंखाला खालून टेकू देणारे तिरके दांडे असतात, त्यांना स्ट्रट म्हणतात. डावीकडचा पुढचा दांडा विमानाच्या पोटाला जिथे बोल्टाने जोडलाय, ती फिटिंग वाकली आहे. बर्नार्डने तिच्यावर लाल औषध लावलं, पुसलं, वरून पांढरी पावडर फवारली. पांढऱ्यात एक लाल रेघ उमटली. तडा.

केसाएवढी तर आहे, मी म्हणालो. पंखही तेवढ्यावरच लटकलाय, बर्नार्ड म्हणाला. याला उगाच घाबरवायची सवय आहे.

दुपारचं रोस्ट नीट गेलं नाही. बीफ वातड होतं.

५ मे, बुधवार

संकल्प : सगळी दुरुस्ती मी स्वतः करणार. बर्नार्डचे गुडघे गेलेत. मी पोस्टातून निवृत्त झालो, पण हात अजून तल्लख आहेत.

विनिफ्रेडने (माझी पत्नी) विचारलं, हे जमेल का तुला? मागच्या वर्षी लावलेल्या बाथरूमच्या शेल्फची तिने मुद्दाम आठवण करून दिली. शेल्फ आणि विमान यांत फरक आहे हे तिला कोण सांगणार. शेल्फला भिंत चांगली मिळाली नव्हती.

बर्नार्डच्या गवतावर आणखीही काही जण विमानं उडवतात. आमच्या या मैदानाचा रिवाज : ज्याने पाना चालवला, त्याने पहिल्या उड्डाणात पायलटच्या शेजारी बसायचं. याचा सगळ्यात मोठा पुरस्कर्ता मी. दर वेळी चहाच्या खोलीत मी यावर दोन शब्द बोलतो. जबाबदारी वगैरे. आजही बोललो. सगळे माझ्याकडे बघत होते. आदराने, बहुतेक.

९ मे, रविवार

पंख घोडीवर टेकवला. जुना बोल्ट हलेना. हातोडीचा मार्ग अवलंबला. अंगठा जांभळा. बोल्ट अजून तिथेच. कामाला वेग आहे.

संध्याकाळी बर्नार्डने तेल सोडून बोल्ट काढला. मी सैल करून ठेवलेलाच होता.

१६ मे, रविवार

नवी फिटिंग वेल्डिंग होऊन आली. सुरेख. गंज नको म्हणून ताबडतोब पांढरा रंग दिला, दोन हात. बर्नार्ड आला आणि डोकं धरून गवतात बसला. वेल्डिंग आधी इन्स्पेक्टरला उघडं दाखवायचं असतं म्हणे. आता सगळा रंग खरवडायचा.

हे आधी कोणीतरी सांगायला हवं होतं. बर्नार्ड म्हणतो, सांगितलं होतं. माणूस विसरभोळा झालाय.

२२ मे, शनिवार

ट्रेहर्न येऊन गेला. हा आमचा इन्स्पेक्टर, वेल्सचा. त्याची सही नसेल तर विमान हलत नाही. आरसा आणि टॉर्च घेऊन तासभर पोटाखाली पडून होता. वेल्डिंग, बोल्ट, नट, पिना, सगळं पास. सही झाली. जाताना म्हणाला, आता याला कोणी हात लावायचा नाही. हे माझ्याकडे बघून म्हणाला. मुख्य कारागीर मीच ना.

मग सगळे चहाला गेले. मी जरा मागे राहिलो. पुढच्या डाव्या बोल्टाचा नट तसाच बोडका होता, रंगाशिवाय. ३१ तारखेला सुट्टी, मैदान सगळ्यांना खुलं, गावजत्रेसारखी गर्दी असते. लोक वाकून वाकून बघतात. तेव्हा पिन काढली, नट काढला, सगळं नीट रंगवलं, नट परत आवळला. तेवढ्यात चहाच्या खोलीतून विनिफ्रेडने हाक मारली, तिने केलेलं गोड रुबार्ब क्रंबल गार होतंय म्हणून. पत्र्याचं आवरण चढवून स्क्रू लावले आणि गेलो.

फार देखणं दिसतंय.

२३ मे, रविवार

चर्चमध्ये रुमाल काढायला स्वेटरच्या खिशात हात घातला. हाताला पिन लागली.

नवी कोरी. सरळ. पाय न वाकवलेली.

पिन नट-बोल्टातून आरपार घालून तिचे पाय वाकवायचे; तिचं काम म्हणजे नट फिरू न देणं. पिन नसेल तर इंजिनच्या थरथरीने नट हळूहळू सुटतो. नट सुटला की बोल्ट सरकतो. पुढचं लिहायला नको.

उरलेली असणार. पाकीटभर आणल्या होत्या, इकडे तिकडे पडलेल्याच असतात. काढलेली पिन फेकली, हे आठवतं (एकदा वाकलेली परत वापरत नाहीत). नवी घातली, हे... घातलीच असेल. मी घालणार नाही असं होईल का? सगळे स्तोत्र म्हणायला उभे राहिले तरी मी बसूनच होतो. विनिफ्रेडने कोपराने ढोसलं.

२४ मे, सोमवार

शांतपणे विचार केला. आवरण उघडून बघणं, एवढंच करायचंय. चार स्क्रू. पण सही झाल्यावर हात लावला हे कळलं तर ट्रेहर्न सही मागे घेईल. शिवाय रंगाच्या प्रकरणानंतर लगेच हे. मैदानावर तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

संकल्प : उद्या पहाटे, कोणी नसताना.

२५ मे, मंगळवार

पहाटे गेलो. बर्नार्ड आधीच तिथे. डाव्या पंखाखाली आडवा, हातात स्क्रू ड्रायव्हर. उंदीर शिरलाय म्हणाला. या वयात उंदरांच्या मागे लागलाय.

त्याने मला चहा दिला. काही सांगायचंय का, विचारलं. मी म्हणालो, हवा छान पडलीय. तो म्हणाला, हो, छान पडलीय. मग परत आलो.

त्याने तिकडे पाहिलं असतं तर तो बोललाच असता. म्हणजे पाहिलं नाही. किंवा पाहिलं आणि सगळं ठीक होतं. असंच असणार.

२७ मे, गुरुवार

ट्रेहर्नचा फोन फिरवला. त्याची बायको बोलली. मी राँग नंबर म्हणून ठेवला.

पावसासाठी प्रार्थना केली. रेडिओ म्हणतो, शनिवारी, म्हणजे नेमकं पहिल्या उड्डाणाच्या दिवशी, स्वच्छ ऊन. इतर वेळी यांचं कधी खरं होत नाही.

दुपारी खुर्चीत डुलकी लागली. पंख छत्रीसारखा वर उलटताना दिसला. बर्नार्ड चष्मा शोधत होता. घामाघूम होऊन उठलो. विनिफ्रेडने विचारलं, जेवत का नाहीस. डाएट, मी म्हणालो. कधीपासून, तिने विचारलं. आजपासून, मी म्हणालो.

२८ मे, शुक्रवार

उद्या पहिलं उड्डाण. रिवाजाप्रमाणे शेजारी मी.

भीती वाटते. हे इथेच लिहितो, इथे कोण वाचतंय. मांजर दारातून आलं तरी दचकतो. कपातला चहा बशीत येतो. बशीतून प्यायलो. विनिफ्रेड बघत राहिली.

सायंकाळपासून पाठ धरली आहे. खरंच धरली आहे. या पाठीने त्या सीटवर बसणं वैद्यकीयदृष्ट्या चूक ठरेल.

२९ मे, शनिवार, सकाळी

बर्नार्डला पाठीचं सांगितलं. वाटलं होतं, खिल्ली उडवेल माझी. जबाबदारीवरचं माझंच भाषण मला ऐकवेल. तो एवढंच म्हणाला, बरं, मी एकटा जातो.

सुटलो. अगदी पिसासारखं हलकं वाटतंय. आता टॉयलेटमध्ये बसून हे लिहितोय. बाहेर इंजिन सुरू झालं.

तो एकटा जातोय.

२९ मे, शनिवार, दुपारी

अक्षर वेडंवाकडं आलंय. तरी लिहितो.

टॉयलेटमधून निघालो तो धावतच. पट्टा अर्धा लावलेला. विमान धावपट्टीच्या टोकाला वळत होतं. मी गवतातून ओरडत गेलो, आवाज इंजिनात बुडाला. चहाच्या खोलीतले सगळे दारात आले. कोणाला वाटलं असेल, पाठ बरी झाली. मी धावपट्टीच्या मधोमध उभा राहिलो, दोन्ही हात वर केले. पँट घसरली. ती धरायला एक हात खाली घेतला, एक वरच ठेवला.

विमान माझ्याकडे येऊ लागलं. मेलो असं वाटलं. तरी हललो नाही. हललो नाही असं लिहितोय, पण खरं म्हणजे पाय उचलेनात.

बर्नार्डने इंजिन बंद केलं. प्रोपेलर थांबला. इतकी शांतता झाली की दूरच्या मेंढ्या ऐकू आल्या. तो गुडघे सांभाळत खाली उतरला आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

‘‘डावा पुढचा बोल्ट,’’ मी म्हणालो. ‘‘सही झाल्यावर मी उघडला. रंगासाठी. पिन घातली की नाही, आठवत नाही. आठवडाभर आठवत नाही, बर्नार्ड.’’

‘‘नव्हती घातलेली,’’ तो म्हणाला.

मी पँट आणखी घट्ट धरली.

‘‘चाकावर पांढरा रंग सांडला होता तुझा. मंगळवारी उघडून बघितलं. पिन मी घातली, ट्रेहर्न परवा येऊन पुन्हा सही करून गेला.’’

मी विचारलं, मग बोलला का नाहीस. आठवडाभर मी मेलेला, आणि हा उंदीर पकडतोय.

‘‘तू बोलतोस का, ते बघत होतो.’’

‘‘आणि नसतो बोललो तर?’’

त्याने चष्मा काढून पुसला. मग म्हणाला, ‘‘उतरल्यावर विमान विकायला काढलं असतं. पिन विसरतो माणूस, लेनर्ड. मीही विसरलोय. पण सकाळी मी एकटा जातो म्हणालो, आणि तू जाऊ दिलंस.’’

मी तिथेच गवतात बसलो आणि रडलो. पँट एका हातात धरूनच. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला नाही. पण गेलाही नाही.

मग म्हणाला, पट्टा नीट लाव आणि बस आत.

बसलो. सबंध वेळ डोळे मिटून होतो. त्याने दोनदा विचारलं, दिसतंय का चर्च? मी हो म्हणालो.

३१ मे, सोमवार

मैदानावर सगळा गाव लोटला. विमान दिवसभर उडालं. बर्नार्डने विनिफ्रेडलाही वर नेलं. खाली आली ती गाल लाल करून, आणि आमचं घर वरून किती बारकं दिसतं ते सगळ्यांना सांगत सुटली. माझ्याकडे गाड्या लावायचं काम होतं. एकही गाडी दुसरीला घासली नाही. फक्त पाद्रीसाहेबांची बीटमध्ये गेली, ती ट्रॅक्टरने काढली.

संध्याकाळी चहाच्या खोलीत ठरलं की लेनर्डने यापुढे विमानाच्या काचा पुसाव्यात, आणि कोणत्याही पान्याला हात लावण्याआधी विचारावं. ही सूचना मीच मांडली, असं इथे लिहिणार होतो. मांडली बर्नार्डने.

हात मात्र सगळ्यांच्या आधी मी वर केला.