चारशे सतरा नंबरचा बुटका लाल

४ जून १९७४, मंगळवार

मेले मी आज.

न्याहारीच्या सुट्टीत मालक शेडमध्ये आले. टोपी काढून म्हणाले, "चारशे सतरा नंबर आठवतो का कुणाला? बुटका लाल गुलाब, झुबक्यानं फुलणारा. तीन वर्षांपूर्वी नापास करून जाळला तो." मी डब्यातल्या ब्रेडकडं बघत बसले.

मालक म्हणाले, आता गिऱ्हाईक तसलाच मागतंय. घरं लहान, पुढची बाग सतरंजीएवढी. लोकांना गुडघ्याएवढं झाड पाहिजे, लाल पाहिजे, फवारायला लागू नये. आणि आपण तोच जाळून बसलो.

मुकादम थोरमेलन म्हणाला, "मी उभा राहून जाळला, मालक. काडीही राहिली नाही."

राहिली ना. तीन काड्या माझ्या डब्यात गेल्या, ब्रेडखाली. त्यांचे डोळे काढून मी घरी जंगली गुलाबाच्या खुंटांवर भरले. नऊ जगले. ते नऊही आज माझ्या दारापुढं उभे आहेत. कळ्यांनी लगडलेत.

५ जून

नियम शेंबड्या पोराला माहीत आहे. नवे वाण पारखतात त्या निवडीच्या वाफ्यातलं पानसुद्धा बाहेर न्यायचं नाही. आमच्याबरोबरच्या ऊवेनं नेलं होतं. संध्याकाळी काम गेलं, महिन्यात घर गेलं. घर मळ्याचं. आमचंही मळ्याचंच – सहा घरांची रांग, आमचं तिसरं, मुकादमाचं टोकाचं. म्हणजे तो रोज दोनदा माझ्या दारावरनं जातो.

हे वहीत लिहिते, कारण हिन्नर्कला सांगितलं की ते त्याच्या दुधाच्या गाडीबरोबर चार गावं फिरून येतं. नवरा चांगला आहे. तोंडाला झाकण नाही.

९ जून, रविवार

दोष हिन्नर्कचाच. झाडं परसात होती, घेवड्याच्या काठ्यांमागं, कुणाला दिसत नव्हती. गेल्या शरदात ह्याला सायकलींसाठी खोपी बांधायची हुक्की आली. म्हणाला, "तुझे गुलाब पुढं लाव की. दाराला शोभा येईल." मी लावले. तेव्हा चारशे सतराला कुत्रं विचारत नव्हतं.

मी का घेतल्या काड्या? चौदाव्या वर्षी शाळा सुटली तेव्हापासून मळ्यात आहे. पुढं डोळा भरणारा सरकतो, मागं मी कमरेत वाकून पट्टी बांधते. बत्तीस वर्षं. किती लाख झाडं बांधली देव जाणे, एकही माझं नाही. त्या साली ऑगस्टभर पाऊस. अख्ख्या वाफ्याची पानं काळ्या ठिपक्यांनी गळाली. हे एक बुटकं तेवढं हिरवंगार, चकचकीत. आणि त्यालाच नापासाची चिठ्ठी – का, तर उंची नाही. मला राग आला. बस, एवढंच.

१३ जून

मुकादम जाता जाता कुंपणापाशी थांबला. मी खिडकीमागं. त्यानं पाइप पेटवला आणि गेला. पाइपसाठीच थांबला असेल.

पहिली कळी रंग दाखवतेय.

१६ जून, रविवार

आता हे एक नवीन. शेजारची टेल्से दारात उभी. "गेशे, तोरणाचं ठरलं गं. शुक्रवारी अठ्ठावीसला संध्याकाळी सहाला येतो सगळे. फांद्या माझा भाऊ आणतोय, चांदीच्या कागदाची फुलं आम्ही बायका करतोय. तू फक्त दारू थंड ठेव."

आमच्या लग्नाला एकोणतीसला पंचवीस वर्षं होतात. मी विसरले नव्हते. तोरण विसरले होते. आदल्या संध्याकाळी शेजाऱ्यांनी येऊन दाराला तोरण बांधायचं, आपण पाजायचं. नको म्हणणं म्हणजे अख्ख्या रांगेच्या तोंडावर दार आपटणं.

तरी म्हटलं, "परसदाराला बांधा."

टेल्से हसायला लागली. "परसदाराला? लग्न काय चोरून केलंस?"

"पुढं जागा नाही."

"पंचवीस वर्षं त्याच दारातनं आत येतोय आम्ही. आताच बरी जागा कमी झाली. मुकादमही येणार हं. त्याची बायको एल्स्बे ग्लास देतेय तिचे."

म्हणजे मुकादम माझ्या नऊ झाडांच्या मधोमध उभा राहून माझीच दारू पिणार.

२० जून

चार झाडं पूर्ण फुललीत. हा लाल दुसऱ्या कशाचा नाही. निवडीच्या वाफ्यात काम केलेला माणूस रस्त्यावरनं ओळखेल.

उपटून टाकावीत? जूनमध्ये उपटलेलं झाड मेलंच समजा. फावडं घेऊन बाहेर गेले. फावड्यावर पाय ठेवला. काढला. परत आत. बटाटे करपले होते.

२४ जून

शेडमध्ये आज तोच विषय. मालक म्हणे दुसऱ्या मळ्यांना पत्रं टाकतायत, कुणाकडं चुकून गेला असेल तर. मुकादम म्हणाला, "गेला असेल तर मी शोधून काढीन." आणि नजर सगळ्यांवरनं फिरवली. माझ्यावर थांबली का? थांबली. नाही थांबली. माहीत नाही.

२७ जून, गुरुवार

ठरलं. झाडं राहतील, फुलं जातील. फूल नसेल तर नंबर कोण सांगणार? सहा आठवड्यांत परत येतील.

२८ जून, शुक्रवार

पहाटे कात्री घेतली आणि नऊही झाडं बोडकी केली. फुलं, कळ्या सगळं. दोन बादल्या भरल्या. कोंबड्यांच्या खुराड्यामागं सगळं पुरलं. मी, जिनं आजवर फुलत्या झाडाला बोट लावू दिलं नाही कुणाला.

संध्याकाळचं लिहिते आता. मूर्खपणा केला मी. फुलं असती तर लोक लाल गुलाब म्हणून ओलांडून गेले असते. इथं रांगेत सगळे गुलाबवाले. जूनच्या ऐन बहरात बोडकं केलेलं झाड बघून एकेकाचा पाय थांबला. दारापाशी घोळका, तोरण बाजूला, सगळे झाडं बघतायत.

"काय झालं गं ह्यांना?" टेल्से.

"तुमच्या कपड्यांना काटे लागतील म्हणून छाटली."

"काटे फुलांना असतात होय तुझ्याकडं?"

सगळे हसले. हिन्नर्क बाटली घेऊन बाहेर आला आणि म्हणाला, "काल तर कसली लाल होती! मी तिला म्हटलं, मळ्यातसुद्धा असली नाहीत." मला तिथंच जमिनीत जावंसं वाटलं.

मुकादम शिडी धरून उभा होता. त्यानं शिडी टेल्सेच्या भावाच्या हातात दिली. खाली बसला. एक पान उलटं करून बघितलं. काडीवरच्या काट्यावर अंगठा फिरवला. काटे मोजल्यासारखा. मग उठला, गुडघे झटकले, माझ्या हातातला ग्लास घेतला आणि एका घोटात संपवला.

"चांगलं थंड केलंयस," म्हणाला. आणि खालच्या आवाजात, "सोमवारी बोलू."

तोरण छान झालंय म्हणे. मी वर बघितलंच नाही.

२९ जून, शनिवार

पंचवीस वर्षं झाली. केक, कॉफी, बत्तीस माणसं. हसून हसून गाल दुखले. सगळे गेल्यावर हिन्नर्कला सांगून टाकलं. त्यानं केकचा चमचा चाटून बशीत ठेवला. मग म्हणाला, "म्हणजे घर जाणार?"

"जाईल."

"माझ्या बहिणीच्या माडीवर दोन खोल्या आहेत."

शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

१ जुलै, सोमवार

मुकादम मळ्यात नाही. मालकांबरोबर गावाला गेलाय. दिवसभर तण काढलं. दोन रोपं तणाबरोबर उपटली.

२ जुलै

शेडच्या दारात गाठलं त्यानं. "उद्या संध्याकाळी घरी ये. ऑफिसात नको."

ऑफिसात नको म्हणजे? ऊवेला ऑफिसात बोलावलं होतं. तिथं दोन बायका टाइप करत असतात. बत्तीस वर्षं झाली म्हणून माझी चारचौघांत शोभा करत नसेल. हिन्नर्कनं बहिणीला फोन केला. मी कपाटातल्या बशा वर्तमानपत्रात गुंडाळायला घेतल्या, अर्ध्यात थांबले. आधी ऐकून तर घेते.

३ जुलै, बुधवार

गेले. एल्स्बेचे ग्लास नेले बरोबर, हात रिकामे नकोत म्हणून. मुकादमानं दार उघडलं, ग्लास घेतले, खुर्ची काही दिली नाही. म्हणाला, "मागं चल." त्याच्या परसाला माणूसभर उंच कुंपण आहे. इतक्या वर्षांत आत कधी गेले नव्हते, कुणीच गेलेलं नाही.

कुंपणाच्या आत चौदा झाडं. तोच लाल. माझ्या छातीला लागतात एवढी उंच, लवलवती, निम्मी काठ्यांना बांधलेली.

मी त्याच्याकडं बघितलं. तो पाइपकडं.

"तीन वर्षं झाली, वाढतच सुटलीत," म्हणाला. "ही अशी मालकांपुढं कशी नेऊ? तुझी गुडघ्याखाली राहिलीत. करतेस तरी काय?"

म्हटलं, "शेणखत बंद करा आधी. लाडानं वाया गेलीत."