वीतभर ओढायचा अडसर

तीर्थरूप मामांस,

किल्ल्याच्या आतून भाच्याचा साष्टांग नमस्कार. तुमची कंबर आता कशी आहे? मामींनी तुमच्या सुतारकामाच्या हत्यारांची पिशवी लपवून ठेवल्याचं आईकडून कळलं. चांगलंच केलं. (पण कुठे ठेवलीय ते गोडीगुलाबीने काढून घ्या, पुढे कारण आहे.)

मी खुशाल आहे, फक्त बाहेर येता येत नाही. आज किल्ल्याला साप्ताहिक सुट्टी, म्हणून माझ्या लग्नाची बोलणी चाललीयत त्या मुलीला आणि तिच्या वडिलांना मुद्दाम बोलावलं होतं. वडील बांधकामाचे ठेकेदार. ‘गाइड होऊन जुने दगड दाखवत संसार चालतो का?’ हा त्यांचा पहिल्या भेटीतला प्रश्न, आणि लग्नाचा होकार तिथेच अडलेला. म्हटलं, उत्तर किल्लाच देईल.

आणि काय दिलं म्हणता! दरवाजा समोरून दिसतच नाही. दोन बुरुजांच्या मधून वळसा घेतला की एकदम पुढ्यात उभा राहतो, म्हणजे शत्रूला ओंडका घेऊन धावत यायला जागाच मिळू नये. तटातल्या जंग्या (बंदुकीची भोकं हो) अशा तिरक्या, की आतल्याला खालचा माणूस नखशिखांत दिसावा आणि खालच्याला आतलं काही म्हणजे काही दिसू नये. ज्यांनी हे डोकं चालवलं त्यांचे पाय धरावेत, मामा. किती वेढे पडले, पण बाहेरून हा किल्ला कोणाच्या बापाला घेता आला नाही. एकदाच पडला, तोही आतल्या कोणीतरी गुपचूप अडसर काढला म्हणून.

हे सांगताना मला चेव चढला. अडसर म्हणजे अख्ख्या झाडाचा सोट. एरवी एका बाजूच्या भिंतीत शिरलेला असतो, ओढला की दारामागून सरकत पलीकडच्या खोबणीत बसतो. आम्हा गाइड लोकांचा शिरस्ता असा, की तो वीतभर ओढून दाखवायचा आणि वाहवा घ्यायची. पण भावी सासऱ्यांपुढे वीतभर कसला? ओढला तो थेट पलीकडे. धाडकन बसला, आता ढिम्म हलत नाही. दारातला छोटा दिंडी दरवाजा खिळे ठोकून बंद, आणि मोबाईलला या भिंतींतून रेंज नाही. (यातही कौतुक भिंतींचंच.)

ठेकेदारांनी कोठीतली करवत आणली आणि म्हणाले, ‘काप.’ माझ्या तोंडून निघून गेलं, ‘आधी मला कापा.’ मुलगी हातची जातेय हे दिसत होतं, पण त्या लाकडाला करवत लागलेली मला बघवली नसती. ते तणतणत पहारेकऱ्यांच्या देवडीत जाऊन बसले. बसल्या बसल्या भिंत चाचपू लागले. दगडांच्या सांध्यात नख घालून पाहिलं, शिरेना. आत्ताच तिथून ओरडून विचारलंय, ‘याचं कंत्राट कोणाकडे होतं?’

पत्र टोपलीतून खाली चहावाल्याकडे सोडतोय. मामींना नमस्कार.

तुमचा कोंडलेला भाचा

ता. क. मामींची नजर चुकवून लगेच निघा. पाचरी आणि तेल आणा, करवत नको. तुम्हाला टोपलीतूनच वर ओढून घेऊ, टोपली मजबूत आहे.

आणखी ता. क. मुलीने आत्ता अडसराला खालून नुसता खांदा लावला आणि तो मुकाट्याने भिंतीत गेला. किल्ला पुन्हा आतल्या माणसानेच पाडला. आम्ही दोघांनी तो परत ओढून ठेवलाय (या खेपेला वीतभर कमीच). वडील तटावर दगड बघत हिंडतायत, त्यांना यातलं काही सांगितलेलं नाही. होकार ओठांपर्यंत आलाय असं दिसतं. तेव्हा कंबर सांभाळा, आणि अगदी सावकाश या.