हालवरचा दंड

नॉर्बी, आयोवा
६ ऑक्टोबर १९१९

चि. हालवर यास आईचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

परवान्याशिवाय लोकांचे मणके बसवतोस म्हणून डॉक्टर हागेनने तक्रार केली, न्यायाधीशाने दंड ठोठावला, आणि तू शहाणा दंड न भरता तुरुंगात जाऊन बसलास! चर्चमध्ये बायका वळूनवळून माझ्याकडे बघतात. मका शेतात उभा आहे, तोडायला तुझे वडील एकटे. माझी कंबर अशी धरली आहे की गाय पिळायला बसले की उठता येत नाही. जगाचे मणके बसवतोस, घरच्यांनी काय करायचं?

शुक्रवारी येऊन मी दंड भरणार. उगाच वाद घालू नकोस.

तुझ्या भल्याचीच इच्छा करणारी,
आई

तालुक्याचा तुरुंग
८ ऑक्टोबर

ती. आईस हालवरचा शि. सा. न. वि. वि.

आई, पाया पडतो, दंड भरू नकोस. भरला की आमची ही मणके बसवायची विद्या हाच गुन्हा, असं कबूल केल्यासारखं होतं. डॅव्हनपोर्टच्या शाळेत माझ्याबरोबर ही विद्या शिकलेले कितीतरी जण असेच आत बसलेत. इथेही पेशंट येतात. शेरीफच्या बाई इस्त्रीचं टेबल देतात, आणि सगळे गेले की शेरीफच त्यावर पालथे पडतात!

इंगाही माझ्याबरोबरच शिकली आहे. सुनेला कंबर दाखवायला लाजू नकोस. छोट्या अर्नेची मात्र फार आठवण येते.

राग आला तरी माया पातळ होऊ देऊ नये.
तुझा हालवर

नॉर्बी
१४ ऑक्टोबर

चि. हालवर यास आशीर्वाद.

दंड भरायला म्हणूनच निघाले होते. आधी तुझ्या घरी डोकावले. इंगा म्हणाली, पडा तरी जरा. तिने पाठीवर हात टेकून असा दाब दिला की मी मोठ्याने देवाला हाक मारली. दुखणं पुरतं गेलं नाही, पण कंबर मोकळी झाली. तेवढ्यात पोलीस दारात, पुन्हा हागेनचीच तक्रार. मी अजून पालथीच! इंगाने काही लपवलं नाही.

काल ती न्यायाधीशापुढे उभी राहिली. दंड की तुरुंग, असं त्यांनी विचारलं. ती तुरुंग म्हणाली. मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, आजीबाई, लेकरासाठी तरी भरा. पैसे माझ्या हातातच होते रे. इंगाचे डोळे भरले होते, पण तिने नको म्हणून मान हलवली. मी पैसे परत पिशवीत ठेवले आणि अर्नेला तिच्याकडून घेतलं.

आज ती तिथे पोचेल. तिला जाड पांघरूण मागून घे.

कळावे. दंड भरला नाही तरी दोघांचा आईवर लोभ असू द्यावा.
आई