उणे चाळीस अंश

मंगळवार, ३ फेब्रुवारी

धाकटीच्या गाडीचं पुन्हा तेच! गार इंजिन सुरू केलं की लगेच पंखा गरगरतो, डॅशबोर्डवर दिवा, आणि टेंपरेचरचा काटा तळाला झोपलेला. स्कॅनर लावला तर म्हणतो, कूलंट उणे चाळीस अंश. उणे चाळीस! इथे माझा शर्ट घामाने भिजलाय.

म्हणजे सेन्सरचा निरोप पुढे पोचतच नाही. काल नवा सेन्सर टाकला, संध्याकाळी फिरवून आणली, काटा बरोब्बर मध्ये. आज सकाळी परत मेला.

पोरगी चार दिवसांसाठी माहेरी आली होती, आज आठवा. जावयांचा दिवसातून तीनदा फोन — गाडी झाली का? तीनशे किलोमीटर एकटी जाणार. वाटेत इंजिन तापलं तर काट्यावरून कळणारसुद्धा नाही. अशी कशी सोडू तिला?

बुधवार, ४

हिचं सुरू — गावाच्या गाड्या दोन तासांत, आणि पोरीच्या गाडीला आठवडा!

बॉनेट उघडलं तर सेन्सरवरचा कपलर, म्हणजे वायरीच्या टोकाची प्लास्टिकची टोपी, नुसता लोंबत होता. सोमवारीही हात लावताच सुटून आला होता, घाईत लक्ष दिलं नाही. मीच नीट बसवला नाही वाटतं. पस्तीस वर्षं हेच काम करतोय! आज दाबून बसवला, टक् आवाज ऐकला. काटा मध्ये.

वय झालं का माझं?

गुरुवार, ५

परत सुटला!!

टक् आवाज मी ऐकला होता. ऐकला होता ना? हिला विचारलं तर म्हणे, मला काय विचारता.

उंदीर असणार. गाडीखाली पिंजरा लावला. धाकटीला म्हटलं, अजून एक दिवस. तर म्हणाली, घाई नाही बाबा, होऊ दे सावकाश. बिचारी माझी लाज राखतेय. जेवणात तिचं लक्ष नसतं. फोन वाजला की हातातला कप खाली ठेवते. माझ्यामुळे तिला तिकडून बोलणी खावी लागतायत, दुसरं काय.

शुक्रवार, ६

पिंजरा रिकामा. कपलर सुटलेला.

शनिवार, ७

नवा कपलर टाकायला जुना वायरी कापून हातात घेतला आणि चष्मा लावून नीट बघितला. त्याच्या खाली एक छोटी जीभ असते. ती अंगठ्याने दाबल्याशिवाय तो निघत नाही, ओढाताण केली तर जीभच तुटते. इथे जीभ शाबूत. ओरखडाही नाही. उंदराला काही ही जीभ दाबता यायची नाही. हादऱ्यांनी हा निघत नाही. कुणीतरी नीट, हलक्या हाताने काढलाय.

या घरात मला सोडून हे एकाच माणसाला येतं. शाळेच्या सुट्ट्यांमध्ये मीच शिकवलंय.

स्वयंपाकघरात गेलो. धाकटी भाजी चिरत होती. कपलर तिच्यासमोर ठेवला. विचारलं, तू काढत होतीस?

नाही म्हणाली नाही. विळीवरून उठलीही नाही.

"गाडी बिघडलीय म्हटलं की ते ऐकतात, बाबा. मला यायचं नाही म्हटलं तर ऐकत नाहीत."

हिने गॅस बंद केला आणि तिच्याजवळ जाऊन बसली. काय काय झालं ते पोरगी हळूहळू सांगत गेली. ते इथे लिहिणार नाही. मला इतकी लाज वाटली, इतकी! पाच दिवस मी वायरी चाचपत बसलो होतो.

दुपारी नवा कपलर बसवून टाकला. पोरीने टॉर्च धरला.

रविवार, ८

सकाळी जावयाचा फोन आला. आज मी घेतला.

गाडी झाली का? म्हटलं, झाली. ठणठणीत आहे.

मग पाठवा की तिला.

"गाडी हवी असेल तर येऊन घेऊन जा," म्हटलं, आणि फोन ठेवला.