डुकरिणीचा वाटा

१९ ऑक्टोबर
बाबांना पुरून नऊ दिवस झाले. आता जमिनीची वाटणी. कायदा जुना — धाकट्याने वाटे पाडायचे, थोरल्याने आधी उचलायचं, धाकट्याला उरेल ते. धाकटा मी! घरात दोन दादा. मी कुणाचाच दादा नाही.
गोरोन्वीदादा म्हणाला, "मठात शिकलास ना? मग धर मोजायची काठी."
मला फक्त ओढ्याकाठ हवा. तिथली सफरचंदाची सात झाडं मी कलम केली. नऊ वर्षं. बाबांनी कधी बरं म्हटलं नाही. शिवाय दर वर्षी टोपलीभर फळं चोरीला जातात.

२१ ऑक्टोबर
कारभारी इद्नेर्थ आला. आमच्या कुमुदातल्या, म्हणजे परगण्यातल्या, पन्नास गावांचा हिशेब याच्या तोंडात. "चार एकरांचा घरवाडा, चार घरवाड्यांचा तुकडा, चार तुकड्यांचा पट्टा, चार पट्ट्यांचं गाव. सगळं चारात! आणि तुम्ही तीन. चौथा नाही का रे कुणी?"
इथेलदादा हसला. "बाबांनाच विचारायला हवं होतं."
अर्धं डुकराचं तंगडं खाऊन इद्नेर्थ गेला.

२४ ऑक्टोबर
तीन वाटे पाडले. इथेलदादा ओढ्याकाठी उभा राहून सफरचंद खात होता. सावकाश. "गोड आहेत रे!"
म्हणजे हा ओढ्याकाठच उचलणार!

२५ ऑक्टोबर
कच्ची-पिकली सगळी उतरवून गवताच्या गंजीत लपवली.

२७ ऑक्टोबर
वहिनीला सांगितलं — ओढ्याकाठी ती भुताची शेपूटतुटकी काळी डुकरीण दिसली. "कुणाला बोलू नका हं."

२८ ऑक्टोबर
गावभर झालं. डुकरिणीला आता शिंगंही आहेत.
गोरोन्वीदादाने विचारलं, "तू स्वतः पाहिलीस?"
"पाठमोरी."
"म्हणजे शेपटाचं नक्की."

३१ ऑक्टोबर
हिवाळा लागतानाची टेकडीवरची होळी विझत आली तशी सगळे घराकडे पळाले. मागे राहील त्याला डुकरीण धरते. सर्वांत पुढे मी होतो!

१ नोव्हेंबर
गोरोन्वीदादाने माळ उचलला. इथेलदादाने घराजवळचं शेत.
"ओढ्याकाठ तुला. जपून रे बाबा."
मी दुःखी चेहरा केला. सकाळपासून सराव केला होता.

४ नोव्हेंबर
ओढ्यापलीकडून एक तरुण आला, तेग्वारेद नावाचा. म्हणे बाबांचा मुलगा! दादांनी त्याच्या नाकाकडे पाहिलं. बाबांचंच नाक. कुळातल्या सात जणांनी शपथेवर त्याला आपला म्हटलं. मुलगा तो मुलगा — आई कुठलीही असो, वाटा सारखाच.
आणि तो माझ्याहून दोन वर्षांनी लहान!
वाटणी रद्द. काठी त्याच्या हातात. इद्नेर्थला आनंद मावेना. "चार! जमलं!"

५ नोव्हेंबर
तेग्वारेद म्हणाला, भुताची जागा एकट्यावर टाकणं बरं नव्हे. ओढ्याकाठाचे चार भाग. झाडं दोन, दोन, दोन, एक. शेवटची उचल त्याची, म्हणजे एक झाड त्याला.
"एकच येईल तुला," मी म्हटलं.
"पुरे. बाबा दर वर्षी टोपली भरून आणायचे ना. म्हणायचे, खा — तुझ्या दादानं लावलीत."