दादाचा पंखा, बाळ्याचा पंखा

४ मार्च

बाळ्या आला आणि बसायच्या आधीच म्हणाला, "ताई, दादाला किती पिच दिलंस?" नाही सांगितलं. एका आईची लेकरं, एकाच तळ्यावर शर्यतीच्या बोटी पळवतात, आणि वर्षभर एकमेकांशी शब्द नाही! बाबा गेल्यावर दादानं त्यांची जुनी बोट न विचारता क्लबला देऊन टाकली, तेवढ्यावरून. बोट केवढी, तर काखेत मावेल एवढी. भांडण मात्र जहाजाएवढं.

दोघांच्या बोटींचे पंखे मीच करते. दादा शनिवारी येतो, बाळ्या बुधवारी. मध्ये मी — इकडे आड, तिकडे विहीर.

६ मार्च

वहिनीचा फोन. इतकी वर्षं दादाचा संसार करते, आणि आज विचारते, "अगं, पण पिच म्हणजे नक्की काय?" म्हटलं, पंखा एकदा फिरला की बोटीनं किती पुढे जायचं, ते पिच. पातं जास्त पिळलं की पाण्याचा घास मोठा. पण मोटरला तो गिळता यायला हवा, नाहीतर तापते, जळते.

"म्हणजे झेपेल तेवढंच खा," वहिनी म्हणाली. माझ्यापेक्षा बरं सांगितलं तिनं!

मग हळूच — "या रविवारी येतेस का तळ्यावर?" म्हटलं, काम आहे.

आहेच काम.

९ मार्च

दिवसभर दादाचा पंखा. बाजारातला ओतीव पंखा घ्यायचा, पाती तापवून मऊ करायची, पकडीनं पिळायची, मोजायचं, पुन्हा पिळायचं. मग कड घासून पातळ करायची. दातांच्या कॅप बनवायचे तेव्हाचीच हत्यारं आहेत — काही बिघडत नाही, दातही चावतो आणि पंखाही. शेवटी सळईवर बसवून तोल पाहिला. एक पातं सारखं खाली जातं. केसभर घासलं. परत गेलं. परत घासलं. आणि थांबलं! आता कसाही फिरवून सोडा, जिथे सोडाल तिथे थांबतो.

हे असते तर म्हणाले असते, "झालं समाधान? चल, जेवून घे."

हे गेल्यावर दातांचं काम सोडलं. डॉक्टरांकडे जावं लागायचं, जो भेटेल तो तोंड पाडून विचारायचा, "कशा आहात?" पंखे विचारत नाहीत. न्यायला माणसं घरी येतात. किराणा घरी येतो. बरं चाललंय.

१० मार्च

आज दार उघडलं ते फक्त दुधासाठी.

१५ मार्च

दादा आला. आज रविवार, त्याचा वारसुद्धा नाही. पंखा टेबलावर आदळला. एक पातं गायब! सरावात उडालं, बोटीच्या बुडाला भोक पडलं, बोट बुडता बुडता वाचली. "बाळ्याचं बरं तुटत नाही," म्हणाला. मला! दोघांचे पंखे एकाच टेबलावर, एकाच हातानं होतात, हे याला ठाऊक नाही?

तो गेल्यावर रडले. मग चष्मा पुसला आणि भिंग काढलं. पिळताना माझ्या हातून चीर गेली असती तर तुटलेली कड आतून काळपट दिसली असती. ही लख्ख आहे. आणि जे पातं उरलंय त्याच्या धारेवर एक खोक. पंखा कशावर तरी आदळलाय.

फोन करून सांगितलं. तर म्हणतो, "तळ्यात काही नाही. खोटं वाटत असेल तर ये आणि बघ."

१६ मार्च

ये आणि बघ म्हणे!

१९ मार्च

साडी काढली, नेसले, पुन्हा घडी घालून ठेवली.

२२ मार्च

गेले.

वहिनी न्यायला आली. कोपऱ्यावरचं औषधाचं दुकान जाऊन तिथे सायकलींचं झालंय. कधी झालं? विचारायची लाज वाटली.

तळं फार आटलंय. काठाला चिखलाचा रुंद पट्टा. बोटी जिथे वळतात तिथे एक लाल फुगा तरंगतो, तळाशी रोवलेल्या लोखंडी सळईला बांधलेला. खाली वाकून, उन्हाला हात आडवा धरून बघत राहिले. पाणी उतरल्यामुळे त्या सळईचं टोक पृष्ठभागाच्या जेमतेम बोटभर खाली आलंय! दादाला दाखवलं. त्यानंही वाकून बघितलं. मग म्हणाला, "चुकलं गं माझं. तुला नको ते बोललो."

माझा बांध तिथेच फुटला. पलीकडे बाळ्या आमच्याकडे पाठ करून उभा. भर तळ्यावर ओरडले — "पन्नाशीला टेकलात, लाज कशी वाटत नाही दोघांना? बाळ्या, इकडे ये आधी!" आला. शाळेत मास्तरांपुढे उभे राहावेत तसे दोघे उभे, चेहरे लाल, ओठ घट्ट मिटलेले. म्हटलं, हात मिळवा. मिळवले. माणसं हसायला लागली. मग मलाही हसू आवरेना.

सळई काढून फुगा दुसरीकडे बांधला आणि दोघांनी बोटी सोडल्या. माझे पंखे पाण्यात मी आज पहिल्यांदा पाहिले. आधी नुसती गुरगुर, मग एकदम शीळ, आणि मागे पाण्याचा उंच पिसारा. टेबलावर केसभर घासलेलं ते तिथे असं उठतं, हे मला माहीतच नव्हतं. कोण जिंकलं? कोणी तिसराच. आमच्या तिघांच्याही ते उशिरा लक्षात आलं.

नाक उन्हानं सोललंय. झोंबतंय.

२४ मार्च

वहिनीच्या तोंडून निसटलं — दोघांचं भांडण थंडीतच मिटलंय! दर शुक्रवारी बाळ्या त्यांच्याकडे जेवायला असतो. "अगं, काही केल्या तू घराबाहेर पडेनास. भांडण सोडवायला तरी येशील, म्हणून चालू ठेवलं त्यांनी." पातं तरी खरंच तुटलं होतं का, विचारलं. तेवढं खरं, म्हणे.

इतके महिने मला बनवलं! दोघांशी यापुढे एक शब्द बोलणार नाही. रविवारी तळ्यावर जाऊन हे त्यांना तोंडावर सांगणार आहे.