छातीवरच्या पाच वायरी आणि बावखलातला गाळ

फुलपाडा, विरार पूर्व

चि. जयवंत यास दादाचे आशीर्वाद. तू, नर्मदा आणि वाडीतली केळी खुशाल असाल असं धरून चालतो. (केळीचं नाव शेवटी घेतलं आहे, राग मानू नकोस.) नर्मदेचा गुडघा कसा आहे? माझ्या तब्येतीचं विचारू नकोस, कारण तेच लिहायला बसलो आहे. फोन केला असता, पण फोनवर सूनबाई शेजारी उभी राहते आणि माझ्या आवाजावरून माझी प्रकृती ठरवते.

मागच्या महिन्यात वाडीतल्या आपल्या सामाईक बावखलाच्या काठावर, त्या तळ्यातला गाळ कुणी काढायचा यावर आपण बोलत असताना (यंदाचं अकरावं वर्ष) मी मध्येच खाली बसलो. मी माघार घेतली असं समजून तू घरी गेलास आणि गावभर तसं सांगितलंस, हे मला कळलं आहे. ती माघार नव्हती, चक्कर होती. डोळ्यांपुढे काळोख आला आणि छातीत कुणी राहतच नाही असं वाटलं. आमच्या चिरंजीवाने, मयूरने, मला हृदयाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, ठोके मध्येच थांबत असतील तर छातीत यंत्र बसवावं लागेल, नसतील तर उगाच चिरायला नको. पण एका अख्ख्या दिवसाचे ठोके पाहिल्याशिवाय ते कळायचं नाही.

म्हणून तेजस्वी नावाच्या तिथल्या मुलीने माझ्या छातीवरचे केस काढले (चौऱ्याहत्तराव्या वर्षी हेही झालं), पाच चिकट टिकल्या लावल्या आणि त्यांच्या वायरी गळ्यात अडकवलेल्या एका डबीत खोचल्या. चोवीस तास आंघोळ नाही. वर एक कागद दिला. किती वाजता काय केलं आणि काय वाटलं, ते त्यावर लिहायचं. आता मी सातवीला दोनदा बसलेला माणूस. कागद आणि वेळ नेमून दिली की मला परीक्षाच वाटते. नापास व्हायचं नाही एवढं मनाशी धरलं आणि खुर्चीत बसलो. जिना उतरलो नाही. बातम्या लावल्या नाहीत. सूनबाईने मिक्सर लावला नाही, त्यामुळे चटणीही नव्हती. वाईट विचार येऊ लागला की शंभरपासून उलटे आकडे मोजायचो. कागदावर प्रामाणिकपणे लिहिलं: दहा वाजता बसलो. अकरा वाजता बसलेलोच आहे. दोन वाजता वरणभात, मीठ कमी होतं, रागावलो नाही.

रिपोर्ट उत्तम आला. मयूरने तो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला, तू अंगठा दाखवलास. मी मात्र खचलो, कारण चक्कर खरी होती हे मलाच ठाऊक. डॉक्टरीणबाईंनी माझा कागद दोनदा वाचला आणि चष्मा काढला.

"आजोबा, असे रोज जगलात तर तुम्हाला काहीच व्हायचं नाही. पण असे जगता का तुम्ही?"

मी नाही म्हटलं. मग चक्कर आली तेव्हा काय करत होतात, असं त्यांनी विचारलं. भावाशी बोलत होतो, म्हटलं.

"मग वायरी लावून तेच करा."

सोमवारी पुन्हा टिकल्या लागणार आहेत. घरात मला बाथरूमची कडी लावायची परवानगी राहिलेली नाही. सकाळी मयूर दारातून डोकावतो, मी हललो की परत जातो. एखाद्या सकाळी मी हलणार नाही, याची आम्ही दोघंही वाट पाहत असल्यासारखं झालं आहे. असो. नर्मदेला आशीर्वाद सांग.

तुझा दादा,
नरहरी

ता. क. सोमवारी दुपारी मयूर मला नंदाखालला वाडीत सोडेल. चारच्या सुमारास बावखलावर ये आणि गाळावरून नेहमीसारखा भांड. आजारी माणूस म्हणून सौम्य बोलू नकोस, नाहीतर रिपोर्ट पुन्हा चांगला येईल. गाळ तुझ्याच बाजूने घसरतो, हे आताच लिहून ठेवतो, म्हणजे तुला तयारीला वेळ मिळेल.

आणखी एक. आई गेली तेव्हा मी वेळेवर पोहोचलो नाही, हे तू दरवेळी सगळ्यात शेवटी काढतोस. मागच्या महिन्यात मी खाली बसलो तो गाळावरून नव्हे, त्या वाक्यावरून. मयूरला आणि डॉक्टरीणबाईंना मी फक्त गाळ सांगितला आहे. गळ्यातल्या डबीला कळायला हवं असेल, तर सोमवारी तेही बोल. फक्त त्याआधी नर्मदेला माझ्यामागे एक खुर्ची ठेवायला सांग.